मागच्या रांगेतले चेहरे

बाबांच्या डोक्यात त्यांच्याच कॅमेऱ्याचा लोखंडी स्टँड घातला गेला तो भर दुपारी, स्टुडिओच्या दारात, रस्त्यावर माणसं ये-जा करत असताना. मारणारा कॅमेरा घेऊन पसार झाला. बाबा पायरीवर कोसळले, कवटीला चीर गेली, आणि तेव्हापासून ते हॉस्पिटलात डोळे मिटून पडले होते.

समोरच्या औषधाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात तो माणूस सापडला होता. सापडला म्हणजे काय, तर टोपी, खांदे आणि टोपीखाली राखाडी चौकोनांचा एक पुंजका. पोलिसाने ते चित्र पाहिलं आणि म्हणाला, "माणूस आहे एवढं कळतं. त्यापुढे काही कळत नाही." त्या सगळ्या प्रकरणात कोणी बोललेलं तेवढंच एक शहाणं वाक्य.

पण बाबांच्या धाकट्या मुलाकडे सॉफ्टवेअर होतं. स्टुडिओतला कॅमेरा बाबांचा आणि कॉम्प्युटर धाकट्याचा, अशी त्या घरातली वाटणी. लहान, अस्पष्ट फोटो मोठे आणि स्वच्छ करून देण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याची एक क्लृप्तीही होती. सॉफ्टवेअरला नमुन्यादाखल आपले फोटो पुरवता येत. बाबांनी उभ्या आयुष्यात एकही पासपोर्ट फोटो टाकून दिला नव्हता. "चेहरा टाकू नये, माणूस परत येतो," असं ते म्हणायचे. सगळी वस्ती त्या कॉम्प्युटरात साठली होती. स्वतः बाबाही होते. दुकान उघडलं की दिवे तपासायला ते स्वतःच स्टुलावर बसायचे, मान ताठ, चेहरा गंभीर, आणि आपलाच फोटो काढायचे. अशी वर्षानुवर्षं. धाकट्याने ती आख्खी वस्ती सॉफ्टवेअरच्या घशात घातली होती.

चमत्कारच झाला म्हणा ना. बाबा पडण्याआधी एकदा एक गिऱ्हाईक लग्नातला जुना ग्रुप फोटो घेऊन आलं. मागच्या रांगेत तांदळाच्या दाण्याएवढं एक डोकं. सॉफ्टवेअरने ते फुलवलं, तर गिऱ्हाइकाचा वारलेला मामा निघाला, हनुवटीवरच्या तिळासकट. माणूस दुकानातच रडला. बाबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि पोराच्या पाठीवर थाप मारली. ती थाप धाकट्याच्या डोक्यात गेली. मागच्या रांगेतले चेहरे काढून देणारा म्हणून त्याचं नाव झालं.

तर आता त्याने तो राखाडी पुंजका सॉफ्टवेअरला दिला आणि नखं खात बसला. चेहरा हळूहळू वर आला. बाहेर आलेले कान, बारीक मिशी, भुवईतून गेलेला जुना व्रण.

भाऊजी. ताईचा नवरा, टायर-पंक्चरचं दुकान चालवणारा.

धाकट्याने चेहरा आणखी मोठा करून पाहिला. मग गेल्या रविवारचं जेवण आठवलं. भाऊजींनी हौसेने म्हटलं होतं, मलाही शिकवा की कॅमेरा. त्यावर बाबा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "टायरच्या हातांनी कॅमेरा धरत नाहीत." भाऊजी भरल्या ताटावरून उठले होते. म्हणजे सगळं जुळत होतं. जुळवायचंच ठरवलं की सगळं जुळतं.

त्याने थोरल्याला बोलावलं. थोरला ट्रक चालवायचा, आणि विचार करण्याचं काम त्याने लहानपणीच धाकट्यावर सोपवून टाकलं होतं.

"हे तर भाऊजी," थोरला म्हणाला. "नक्की ना?"

"हे कधी चुकत नाही, दादा."

एवढी शहानिशा त्या दोघांना पुरली.

भाऊजी दुकानात उकिडवे बसून पाण्याच्या टबात ट्यूब फिरवत होते, बुडबुडा कुठून येतो ते बघत. दोघांना पाहून उठायला लागले. "या. बाबांचं काय म्हणतात डॉक्टर?"

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने लाथ घातली ती थेट छातीत. भाऊजी टबात पडले, तसं मानगूट धरून त्याने त्यांचं डोकं पाण्यात दाबलं. हातपाय झाडायचे थांबत आले तेव्हा बाहेर काढलं.

"कॅमेरा कुठंय?"

"कुठला कॅमेरा?" भाऊजींच्या नाकातोंडातून पाणी येत होतं.

थोरल्याने चाक खोलायचा पाना उचलला आणि बरगड्यांवर हाणला, मग गुडघ्यावर. शेजारच्या गॅरेजातली माणसं दाराशी आली आणि थोरल्याचा अवतार बघून तिथेच थांबली. भाऊजी सरपटत टायरांच्या ढिगाकडे गेले. थोरल्याने पाय धरून मागे ओढलं. टायर वरून घरंगळत आले आणि एक भाऊजींच्या पाठीवर पडला.

धाकट्याने फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "हा कोण? सांग, हा कोण?" भाऊजींना तो जन्मात पहिल्यांदा अरेतुरे करत होता.

भाऊजींनी रक्त पुसत बघितलं. बराच वेळ बघितलं. "हा मीच दिसतोय," ते म्हणाले. "पण मी तिथे नव्हतो रे."

यात कसली लबाडी होती? पण धाकट्याला ती दिसली. त्याने दादाच्या हातातून पाना हिसकला आणि भाऊजींच्या तोंडावर मारला. गालाचं हाड मोडल्याचा आवाज आला. थोरलासुद्धा एक पाऊल मागे सरकला. धाकट्याने पुन्हा मारलं, मग पुन्हा, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. बाबा पडल्यापासून छातीवर बसलेला दगड पहिल्यांदाच हलला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ स्टुडिओत बसले होते, तर ताई आली. ओढणीवर वाळलेलं रक्त, हातात तोच पाना.

"कर," ती म्हणाली. "माझ्यासमोर पुन्हा कर."

"ताई, तुला बघवणार नाही."

"नवऱ्याचं तोंड बघून आलेय मी. आता काय बघवायचं राहिलंय?"

धाकट्याने केलं. भाऊजीच आले. त्याने हायसं वाटून ताईकडे बघितलं.

"हे झालं एक चित्र," ताई म्हणाली. "माणूस काय तिथे पुतळ्यासारखा उभा होता? याच्या पुढचं लाव."

खरंच, चित्रीकरणात तोच माणूस पाऊलभर पुढे आलेला होता. तीच टोपी, तेच खांदे. धाकट्याने ते चित्र दिलं. चेहरा वर आला. गोल गाल, चपटं नाक.

"हा नाक्यावरचा न्हावी," थोरला म्हणाला. "अरे, तो तर वारला ना मागच्या वर्षी?"

"पुढचं," ताई म्हणाली.

पुढच्या चित्रात औषधवाल्याची बायको आली. टोपीखाली ठसठशीत कुंकू. एरवी तिघं पोट धरून हसले असते.

"पुढचं."

पुढच्या चित्रात स्टँड वर उचललेला होता, घाव घालायच्या बेतात. धाकट्याने कळ दाबली. मान ताठ, चेहरा गंभीर, चष्मा नीट नाकावर. बाबा. बाबांच्या डोक्यात स्टँड घालायला निघालेले बाबा.

धाकट्याला आता सगळं लख्ख दिसलं. या यंत्राला त्याने वस्तीखेरीज दुसरं कोणी दाखवलंच नव्हतं. परका माणूस समोर आला, तर ते आपल्या पोतडीतून जवळचा एखादा चेहरा काढून देत होतं. मामाचा फोटो पोतडीत होता म्हणून मामा निघाला. आणि भाऊजींचा फोटो लग्नाच्या वेळी बाबांनीच काढला होता.

ताईने पाना कीबोर्डवर ठेवला. "घ्या. जा आता, बाबांना मारून या."

थोरला उठला. त्याने पाना घेतला नाही. धाकट्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. "कधी चुकत नाही म्हणालास," तो म्हणाला आणि ठोसा मारला. "कधी चुकत नाही!" दुसऱ्या ठोशाला धाकट्याचा दात पडला. थोरला रडत होता आणि मारत होता. धाकट्याने हात वर केला नाही, ताईनेही मध्ये पडायचं मनावर घेतलं नाही. पाठीमागे पडद्यावर बाबा स्टँड उगारून उभेच होते.

शेवटी ताईचा फोन वाजला. बाबांनी डोळे उघडले होते.

वॉर्डात बाबांच्या शेजारच्याच खाटेवर भाऊजी होते. जॅक निसटून गाडी अंगावर आली, असं त्यांनी डॉक्टरांना खुणांनी सांगितलं होतं. जबडा तारांनी बांधलेला. एक डोळा सुजेत बुडालेला, दुसरा जेमतेम उघडा. राहिलेलं तोंड काळंनिळं, आणि ते कुठल्या माणसाचं आहे हे सांगता येत नव्हतं.

बाबांचा आवाज अगदी खोल गेला होता, पण शुद्ध पक्की होती. "परका पोरगा होता," ते म्हणाले. "आपल्या वस्तीतला नव्हे. मी बघितला ना त्याला नीट." मग त्यांनी मान वळवली. "हा शेजारी कोण आणलाय? बिचाऱ्याला कोणी मारलं एवढं?"

ताई म्हणाली, "तुमच्या धाकट्याला विचारा. चेहरे तोच ओळखून देतो ना."

धाकट्याच्या तोंडात रक्ताची चव होती. त्याला तिथून पळून जावंसं वाटलं. "भाऊजी आहेत, बाबा," तो म्हणाला. "मी मारलं."

बाबांनी चष्मा मागितला. ताईने तो त्यांच्या नाकावर ठेवला. ते शेजारच्या खाटेकडे बघत राहिले, फोटो काढण्याआधी गिऱ्हाइकाकडे बघायचे तसे, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"काहीतरी बोलू नकोस," ते म्हणाले. "जावयाचा चेहरा मी काढलाय. हा तो नाही."

शेजारच्या खाटेवरचा तो एक उघडा डोळा धाकट्याकडे बघत होता.