मंगळवारच्या तीन गोळ्या

मित्रांनो, मी ऐझॉलच्या उतारावरच्या एका घरातला जुना फ्रिज आहे. माणसांबद्दल मला फारसा आदर नाही, हे आधीच सांगून टाकतो. दार उघडल्यावर आत काय हवे होते तेच ज्यांना आठवत नाही, त्यांचा आदर कसा करावा?

माझा जन्म मैदानातल्या कारखान्यात झाला. ट्रकने घाटातून मला वर आणले आणि शेवटच्या साठ पायऱ्या चार जणांनी पाठीवर वाहिले. तेव्हा गल्लीत माझ्यासारखा दुसरा नव्हता. बाया माझ्या दारावरून हात फिरवत. पुढे घरोघरी फ्रिज आले. माझी मूठ तुटली, तिथे दोरी बांधली गेली. डुकराचे मांस, आंबवलेल्या सोयाबीनचा वास, सगळे मी मुकाट्याने सांभाळले.

घरची मालकीण पी रोखुमी. आमच्याकडे आजीच्या वयाच्या बाईला पी म्हणतात. तिने चाळीस वर्षे हाताने वळलेल्या विड्या ओढल्या आणि शेजारच्या पी दारथुआमीबरोबर तंबाखूचा धूर मुरवलेले, नशेचे पाणी तोंडात धरून दुपारी काढल्या. फुप्फुसातला कर्करोग हाडांपर्यंत पोचला तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटले. मला वाटले नाही.

शिरेतून केमोथेरपीचे जहाल औषध घ्यायची ताकद तिच्यात उरली नव्हती. म्हणून डॉक्टरांनी पोटात घ्यायचे दिले. दर मंगळवारी, सकाळच्या जेवणानंतर, तीन मऊ गोळ्या. चावायच्या नाहीत, फोडायच्या नाहीत, थंडाव्यात ठेवायच्या. रोग जाणार नाही, पण नेमाने घेतल्या तर काही महिने मिळतील, असे ते म्हणाले. रोखुमीला ते महिने हवे होते. कमरेला बांधायच्या मागावर तिचे एक वस्त्र अर्धे विणून पडले होते आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातून पुरे झालेले तिला चालणार नव्हते.

डबा माझ्या मधल्या फळीवर आला. जन्मात पहिल्यांदा मला मोलाची वस्तू सोपवली गेली. आणि या बाईने काय केले?

सून झाइरेमी सकाळी शाळेत शिकवायला गेली की दारथुआमी येऊन बसे. तिलाही कित्येक महिने खोकला होता, थुंकीत रक्त पडत होते. दवाखान्याचे नाव काढले की ती उठून जाई. शेजारीण समोर असताना एकटीने खाणे आमच्या डोंगरात लाजिरवाणे. शिकार वाटतात, तशी रोखुमीने आपल्या तिनातली एक गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

"घे गं. दोघींचा खोकला एकच."

विष वाटून खाण्याचा मोठेपणा मी तोवर पाहिला नव्हता. सहा मंगळवार हेच चालले. मी घरघरलो, आतला दिवा मिचकावला. पण मी वस्तू थंड ठेवू शकतो, माणसाला शहाणे करू शकत नाही.

मग छातीचा नवा फोटो निघाला. गाठ वाढली होती. औषध लागू पडत नाही, बंद करू, असे डॉक्टर म्हणाले. झाइरेमी घरी येऊन रडली. रोखुमीने वाटलेल्या गोळ्यांचे नाव काढले नाही, कारण दुसऱ्याला दिलेल्याचा उच्चार करणे हलकेपणाचे. त्या गर्विष्ठ नम्रतेचा मला सर्वांत जास्त तिटकारा आहे.

पुढच्या मंगळवारी उरलेल्या गोळ्या परत करायला झाइरेमीने डबा बाहेर काढला. तेवढ्यात दारथुआमी आली. अंगात ताप, ओठ फोडांनी भरलेले. बसली आणि तिने हात पुढे केला.

"माझी दे की."

"तुमची कसली?" झाइरेमीने विचारले.

"मंगळवारची. आटप पोरी, चुलीवर भात ठेवून आलेय."

झाइरेमी सासूकडे वळली. रोखुमी पदर सावरावा तशी शाल सावरत म्हणाली, "तिच्यासमोर एकटी कशी गिळू?"

"मग मरणार तेही दोघी मिळूनच का?"

"बरंच की," दारथुआमी म्हणाली. "गल्लीतल्या पोरांना कबर एकदाच खणावी लागेल."

झाइरेमी हसली नाही. तिने दोघींना टॅक्सीत कोंबून डॉक्टरांकडे नेले. दारथुआमीला कर्करोग नव्हताच. क्षय होता, सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होण्यासारखा. उसन्या औषधाने मात्र तिच्या रक्ताची लढायची ताकद पोखरली होती. तिला तीन आठवडे दवाखान्यात ठेवून घेतले. रोखुमीचे औषध डॉक्टरांनी बंद केले नाही. आता तिन्ही गोळ्या तिच्या पोटात जाऊ लागल्या. दोन महिन्यांनी गाठ होती तेवढीच राहिली. ती रोज थोडा वेळ मागावर बसते. वस्त्र दोन विती वाढले आहे. पुरे होईल की नाही, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

मित्रांनो, मांस वाटा, भात वाटा. औषध मात्र ज्याच्या नावाचे त्यानेच घ्यावे, आणि खोकला राहिला तर शेजारणीला नव्हे, डॉक्टरला विचारावे. हे सांगायला एक फ्रिज लागतो, यातच तुमची अक्कल दिसते.

थुंकीतले जंतू गेल्याचे कळल्यापासून दारथुआमी पुन्हा येते. मंगळवारी त्या दिवसाच्या क्षयाच्या गोळ्या फडक्यात बांधून आणते. दोघी समोरासमोर बसतात, आपापल्या गोळ्या एकदमच तोंडात टाकतात आणि एकदमच गिळतात, म्हणजे कुणी एकटीने खाल्ले असे होत नाही. मूर्ख बाया. मग शाळेला उशीर होत असतानाही झाइरेमी दोघींना जीभ वर करायला लावते आणि आत नीट बघून मगच निघते.