कुलूपमामा

पणजोबांनी ठोकून घडवलेला, आजोबांनी कानसीने सरळ केलेला, वडिलांनी तेल लावून जपलेला तो तारेचा आकडा कुलपात अडखळत होता — आणि कुलपे उघडणाऱ्या घराण्यातल्या या चौथ्या पुरुषाला, मिस्त्रीला, पक्के ठाऊक होते की दोष आकड्याचा नव्हे.

"अरे मिस्त्री, हात चालव! आई आत आहे!" पाठीशी उभा कापडवाला ओरडला.

आई आत आहे... हे सकाळी कोणी सांगितले होते? कापडवाल्याने विधवा भावजयीला नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर काढले, एवढे कानावर येणे मिस्त्रीला पुरले. तो दुकानात जाताच मिस्त्रीने त्याच्या लोखंडी दाराच्या कुलपात पोलादी काडी मोडून ठेवली — जशी भेसळ करणाऱ्या वाण्याच्या, बायकोला मारणाऱ्या शिंप्याच्या कुलपात ठेवली होती. माणसे स्वतःच्याच उंबऱ्याबाहेर ताटकळत, आणि गल्ली हसून म्हणे, कुलूपमामा येऊन गेला! दया नाही, चौकशी नाही. एक अपवाद केला की न्याय पातळ झाला, असे तो स्वतःला बजावी. पण अंथरुणाला खिळलेल्या आईला कुलपात ठेवून हा लेक रोज कामाला जातो, हे — हे त्याने विचारलेच कुठे?

"किती वेळ रे मेल्यांनो?" आतून म्हातारी खेकसली. "घशाला कोरड पडली. मी काही पळून जात नाहीये!"

काडी कुठे अडकली आहे हे त्याने डोळे मिटून सांगितले असते. पण झटक्यात काढली तर कापडवाला विचारील, तुला कसे ठाऊक... म्हणून तो उगीच खुडबुडत राहिला. आणि खोटे कशाला बोलावे, त्याचे रडवेले तोंड बघून मन अजूनही म्हणत होते, भोग लेका.

मग आतला आवाज थांबला.

"आई?... ए आई!" कापडवाला दारावर डोके आपटू लागला.

मिस्त्रीचा हात आपसूक वळला. काडी निघाली, दार उघडले. कापडवाला आत धावला. भांड्याचा आवाज, मग खोकला — क्षीण, पण जिवंत.

"सापडू दे तो कुलूपमामा," कापडवाला आतून दातओठ खात म्हणाला. "हात तोडीन. असल्यांना दया नाही दाखवायची!"

आपलेच शब्द... दुसऱ्याच्या तोंडी किती ओंगळ वाटले ते.

"दारात कोण उभं आहे रे?" म्हातारीने विचारले.

निघून जाता आले असते.

"मी, आजी. काडी मीच घातली होती."

बोलल्यावर सुटल्यासारखे वाटेल, असे त्याला वाटले होते. तसे काही झाले नाही. फक्त वर्षानुवर्षे ताणून धरलेले काहीतरी आत सैल पडले — आणि आता बाहेर येणारा कापडवाला त्याच्यावर हात उगारील की स्वतःच्या कपाळाला हात लावील, याची भीतीसुद्धा वाटू नये, इतका थकवा त्याच्या अंगात दाटून आला.