एका तासाची नोकरी

ती फाईल धाकटीच्या टेबलावर आपल्या पायांनी चालत आली. सरकारी योजनांमुळे लोकांना खरंच काम मिळतं का, हे तपासणाऱ्या कचेरीत ती नोकरीला होती, आणि या खेपेस तपासायची होती ‘पुन्हा कामावर’ ही योजना. योजनेच्या संचालकाला सगळे टक्केसाहेब म्हणत, कारण टक्क्यांशिवाय तो बोलतच नसे. धाकटी म्हणायची, टक्के त्याचे आणि टोणपे माझ्या ताईचे.

ताईचं झालं असं. मोज्यांचा कारखाना बंद पडला आणि बावीस वर्षं मशीन चालवलेली बाई घरी बसली. योजनेत नाव घातलं तरच बेकारभत्ता मिळणार होता, म्हणून सहा महिने वर्गात बसून ती नोकरीचा अर्ज कसा लिहायचा ते शिकली. समारोपाच्या दिवशी सगळ्यांना तासभर आधी बोलावून सभागृहात खुर्च्या मांडायला लावलं. दुसऱ्याच दिवशी पाहणीचा फोन आला. गेल्या आठवड्यात एक तास तरी काम केलंत का? ताई पडली सरळ. म्हणाली, हो, खुर्च्या मांडल्या. मोबदला मिळाला का? चहा मिळाला. झालं. ताई कागदावर कामाला लागली आणि भत्ता बंद झाला.

ती विचारायला गेली तेव्हा टक्केसाहेबानं मानसुद्धा वर केली नाही. “बाई, कागदावर तुम्ही कामाला आहात,” तो म्हणाला, “कागदाशी भांडू नका.” पुढची दोन वर्षं ताई मिळतील तसे लोकांचे जिने पुसत राहिली. घरी आली की सुजलेली बोटं गरम पाण्यात बुडवून बसायची. ती बोटं बघून धाकटीनं मनाशी गाठ मारली होती की या मेल्याला खुर्चीवरून खाली ओढायचं.

आता तोच तिच्या तावडीत सापडला होता. तरी तिनं मोठ्या बाईंना, म्हणजे तिच्या वरिष्ठांना, आधीच सांगून टाकलं की यात माझी बहीण आहे. बाईंनी ताईचा फॉर्म काढून दुसऱ्याकडे दिला. “बाकीचे तूच कर,” त्या म्हणाल्या, “पण राग घरी ठेवून येत जा.” राग कसला घरी राहतोय. तो डब्यासारखा रोज तिच्याबरोबर कचेरीत यायचा.

टक्केसाहेबाचा दावा होता की शंभरातले त्र्याऐंशी जण कामाला लागले. धाकटीनं चारशे फॉर्म एकेक करून वाचले. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात दोनशे आठ जणांच्या नावापुढे एकच गोष्ट लिहिलेली होती, खुर्च्या मांडणे. ती उठली आणि त्या सभागृहात जाऊन खुर्च्या मोजून आली. दीडशे भरल्या. म्हणजे अठ्ठावन्न जणांनी तिथे हवाच मांडली होती म्हणायची.

मग तिनं सगळ्यांना पुन्हा फोन केले. खुर्च्या सोडून खरं काम मिळालेले शंभरात एकतीस निघाले. त्यावर न थांबता तिनं दुसरी यादीही काढली, जागा नाहीत म्हणून योजनेनं परत पाठवलेल्यांची. त्यांच्यातल्या शंभरात अडतीस जणांना काम मिळालं होतं. वर्गात बसायचं हुकलं म्हणून बिचारे काम शोधत फिरले, आणि फिरले म्हणून त्यांना ते सापडलं.

एवढं हाताशी असूनही तिचं पोट भरेना. एकतीसचे तेरा करायला नुसते आकडे उलटे करायचे होते, आणि टायपिंगची चूक म्हणून ते खपलंही असतं. जेवताना तिनं ताईला तसं सांगितलं.

“एकतीसच ठेव,” ताई म्हणाली. “खोट्यानं पाडलंस तर तुझी चूक धरून उठेल तो. खऱ्यानं पाड.”

बैठकीत धाकटीनं आवाज न चढवता विचारलं, “साहेब, एक खुर्ची मांडायला माणसं किती लागतात?”

कुणीतरी खुसकन हसलं. टक्केसाहेबाचे कान लाल झाले. “एक तास काम म्हणजे काम,” तो म्हणाला, “आणि चहा हाही मोबदलाच. ती टीप नियमात मी स्वतः घातली आहे.”

“तेवढं लिहून घ्या,” धाकटी शेजारच्या कारकुनाला म्हणाली.

दोन महिन्यांत योजना गुंडाळली आणि तिच्याबरोबर टक्केसाहेबही. धाकटीला वाईट वाटलं का? छे. त्या दिवशी तिला बऱ्याच वर्षांनी सडकून भूक लागली.

योजना गेल्यावर पाहणीचे फोन धाकटीच्याच कचेरीकडे आले. पुढच्याच आठवड्यात बेकारांची नवी यादी आली आणि तिसऱ्या पानावर त्याचं नाव होतं. या वेळी धाकटीनं मोठ्या बाईंना काही सांगितलं नाही. तिनं सरळ फोन लावला.

“गेल्या आठवड्यात एक तास तरी काम केलंत का?”

“काम कसलं,” पलीकडचा आवाज थकलेला होता. “कपाटं रिकामी करून चाव्या द्यायला गेलो होतो कचेरीत. दीडेक तास गेला असेल.”

“चहा दिला का त्यांनी?”

“दिला ना,” तो म्हणाला, आणि मग एकदम त्याच्या ध्यानात आलं. “अहो, थांबा. हे लिहू नका. भत्ता बंद होईल माझा. नवे नियम येणार आहेत ना?”

“पुढच्या वर्षी येतील. तोवर नियम तुमचाच आहे.”

“ताई, घरात मी एकटाच कमावता आहे हो.”

ताई म्हणाला तो तिला, आणि तिचा पेन थांबला. त्याच्या घरातही कुणीतरी आता वाट बघत असेल, हे तिला कळत होतं. मग तिला गरम पाण्यातली ती बोटं आठवली, आणि तिनं ‘कामाला’ या चौकोनात खूण केली.

“साहेब,” ती म्हणाली, “कागदाशी भांडू नका.”

घरी येऊन तिनं ताईला सगळं सांगितलं. ताई हसली नाही. पातेल्यातलं पाणी निवत आलं होतं, तरी तिनं हात बाहेर काढले नाहीत.

“दीड तास?” ती म्हणाली. “मला तर एकच लागला होता.”