दुकानाच्या दारातलं बोलणं

ओनोरा हेनेगनने माझ्यावर दावा ठोकलाय आणि दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी रक्तदाब मोजून घ्यायला ती माझ्याकडेच येते. ऐकणाऱ्याला याची गंमत वाटते. मला वाटत नाही. किलब्रॅकमध्ये डॉक्टर मी एकटीच. आसपासच्या तिन्ही गावांतल्या डॉक्टरांनी नवे पेशंट घेणं कधीच बंद केलंय. मग ती जाणार कुठे? आणि मी तरी तिला कोणत्या तोंडाने हाकलणार?

माझा वकील फिंटन डब्लिनला बसतो आणि तिथून मला फोनवर शहाणपण शिकवतो. ओनोरा आली की फक्त आजाराबद्दल बोलायचं, खोलीत तिसरं माणूस ठेवायचं आणि त्या माणसाने सगळं वहीत टिपून घ्यायचं. तिसरं माणूस म्हणजे कॉनसेप्टा, माझी रिसेप्शनिस्ट. ही ओनोराची चुलतबहीण लागते आणि ओनोराचा नवरा बार्टली गेला तेव्हा मयताच्या घरी आलेल्या सगळ्या गावाला सँडविचेस हिनेच करून घातली. आता हा साक्षीदार माझा की तिचा, देव जाणे.

बार्टली माझा बावीस वर्षांचा पेशंट, पण दवाखान्यात बावीस वेळासुद्धा आला नसेल. त्याची दुखणी मला कळायची ती कुंपणावरून, रविवारी चर्चच्या फाटकात, नाहीतर गाडीत पेट्रोल भरताना. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोला. गावाने आपलं मानलं, असं वाटायचं. डॉक्टरने कुंपणावरून डॉक्टरकी करू नये, हे मला कॉलेजातच शिकवलं होतं. पण अंडी आणून देणाऱ्या माणसाला 'आधी नंबर लाव' असं कसं म्हणायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

गेल्या जूनमधल्या एका शनिवारी त्याने मला दुकानाच्या दारात गाठलं.

"डॉक्टर, चढ चढताना छातीत जरा जडजड होतं बघ. गॅस असेल, नाही?"

"सोमवारी सकाळी ये. ईसीजी काढू."

"सोमवारी लोकर कातरायला माणसं येणारेत गं बाई. मंगळवारी येतो."

"मंगळवारी ये मग. पण ये."

माझ्या पिशवीत गोठवलेले मासे होते आणि पिशवीतून पाणी ठिबकायला लागलं होतं. म्हणून मी निघाले. त्याला तिथल्या तिथे गाडीत घालून इस्पितळात न्यायला हवं होतं. हे शिकाऊ पोरीलाही कळलं असतं. बोलणं मी कुठे लिहूनही ठेवलं नाही. सोमवारी दुपारी बार्टली मेंढ्यांच्या वाड्यात कोसळला तो उठलाच नाही.

त्या संध्याकाळी घाबरून मी फिंटनला फोन केला. तो म्हणाला, "जपून बोला." एवढंच म्हणाला. मी इतकं जपलं की मयताला गेलेच नाही. बांधावरून बार्टलीशी अकरा वर्षं अबोला धरलेला शेजारीसुद्धा आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे सांत्वनाच्या रांगेत उभा राहिला, ओनोराचा हात हातात घेऊन 'वाईट झालं' म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मी मात्र दीड मैलावरच्या घरी शोकपत्र पाठवलं, तेही पोस्टाने. पोस्टमनने ते गावभर सांगितलं नसतं तरच नवल. पाच महिन्यांनी नोटीस आली.

नोटीस वाचून फिंटनला उलट हुरूप चढला. "तुमच्या नोंदींत त्या बोलण्याचा मागमूस नाही. तिसऱ्या कुणी ऐकलेलं नाही. नवरा घरी येऊन 'डॉक्टरला सांगितलंय' म्हणाला, हे फक्त बायको सांगते. तुम्ही गप्प राहा, केस आपोआप पडेल."

गप्प राहा म्हणे. बावीस वर्षं या गावाची बाळंतपणं केली, म्हातारपणं निस्तरली आणि शेवटी माझं काम काय, तर तोंड मिटून बसायचं. चीड यायची. फिंटनची यायची, ओनोराची यायची, दवाखान्यात यायला आळस करणाऱ्या मेलेल्या बार्टलीचीसुद्धा यायची. स्वतःची यायची तेव्हा मी फाइली आवरायला घ्यायची.

या फेब्रुवारीतल्या गुरुवारी ओनोरा आली. तिने कोट काढला, बाही वर केली. पूर्वी ती मला 'अगं' म्हणायची. नोटिशीपासून 'अहो' झालं होतं.

"गोळ्या घेताय ना वेळेवर?" मी विचारलं. अहो-जाहो मीही सुरू केलं होतं.

"घेते की. विष नाही ना घातलंत त्यात?"

कॉनसेप्टाने वही उघडली. "विष लिहू की नको?"

"तुला काय लिहायचं ते लिही," मी म्हणाले. रक्तदाब चांगलाच चढला होता. गोळी वाढवून दिली, पुढच्या आठवड्यात पुन्हा या म्हटलं. ओनोराने कोट चढवला आणि दाराच्या मुठीला हात घातला. पेशंट खरं काय ते तिथे गेल्यावरच सांगतात. अर्धा तास समोर बसून गुडघ्याचं सांगतील आणि मूठ धरली की मग पोटातलं ओठावर येतं.

"जिना चढताना छातीत जड वाटतं थोडं," ती दाराकडे बघतच म्हणाली. "गॅस धरला असेल. येते."

"बस खाली," मी म्हणाले.

"पुढच्या आठवड्यात बघू ना. आज बस निघून जाईल माझी."

"ओनोरा, बस म्हटलं ना."

ती बसली. मी तिला झोपवून ईसीजी काढला. पट्टीवर झटक्याच्या खुणा स्पष्ट होत्या. अ‍ॅस्पिरिन चघळायला दिली आणि अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. यायला पन्नास मिनिटं लागतील म्हणाले. मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले, तिची नाडी धरली. कॉनसेप्टा वही मांडीवर घेऊन तशीच बसून होती.

पंधरा-वीस मिनिटं मी पुन्हा पुन्हा रक्तदाब मोजला, ओनोरा छताकडे बघत होती. मग म्हणाली, "एक विचारू? त्याने तुला सांगितलं होतं का, दुकानापाशी?"

मी घड्याळाकडे बघून तिचे ठोके मोजत राहिले.

"गावात म्हणतात, बायकोची कटकट बंद करायला बार्टलीने थाप मारली. माझी सख्खी बहीण म्हणते. नोटिशीला तुझ्या वकिलाने पाठवलेल्या उत्तराचा अर्थही तोच. चाळीस वर्षं संसार केला गं मी त्याच्याशी. मेंढ्या विकताना खोटं बोलायचा, माझ्याशी नाही बोलायचा. हल्ली तर मलाच वाटायला लागलंय, मारलीही असेल थाप."

फिंटनचा आवाज कानात होता. केस आपोआप पडेल. पडलीही असती. माझ्या बोटांखाली तिची नाडी अडखळत चालली होती आणि ही बाई इस्पितळातून परत येईल की नाही, मला सांगता येत नव्हतं.

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "छातीत जड होतं म्हणाला. मी त्याला सोमवारी ये म्हटलं. तो मंगळवार म्हणाला, मी बरं म्हटलं. त्याच मिनिटाला इस्पितळात न्यायला हवं होतं, ते मी केलं नाही. तो खोटं बोलला नाही, ओनोरा. चूक माझी."

कॉनसेप्टाचं पेन थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं. "हे पण लिहायचं?"

"लिही. तारीख घाल."

ओनोराच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानांत जात होतं. पुसायला तिने हात उचलला नाही. कॉनसेप्टाने लिहून तारीख घातली आणि वही मिटली.

"दावा मी मागे घेणार नाही हां," ओनोरा म्हणाली.

"घेऊ नकोस."

"मयताला तरी यायचंस गं. रांग संपल्यावरसुद्धा मी तासभर उभी होते. म्हटलं, पेशंट असतील, उशिरा येईल."

तिचा हात माझ्या हातात होताच.

"वाईट झालं, ओनोरा," मी म्हणाले.

मयताच्या रांगेतल्या माणसाला म्हणतात तसं ती म्हणाली, "आलीस, बरं वाटलं." तिने हात सोडवून घेतला नाही. अ‍ॅम्ब्युलन्स यायला अजून अर्धा तास होता.