टाचून ठेवलेलं उत्तर

मोबाइल दुरुस्तीच्या त्या दुकानात त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत असताना त्याचा आणि अभ्यासाचा छत्तीसचा आकडा होता, पण गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना फोन शिकवावा तर त्यानेच. "अक्षरांवर बोट ठेवा. दाबून धरा, उचलायचं नाही. आलं ना 'कॉपी'? आता जिथे हवं तिथे पुन्हा दाबून धरा, 'पेस्ट' येईल." हे तो दिवसभर सांगे आणि कधी कुणावर खेकसत नसे. त्याचा धीर पाहून गिऱ्हाइकं तोंडात बोट घालत.

हा धीर गिऱ्हाइकांपुरता होता. घरच्यांसाठी त्याने वेगळी सोय केली होती.

घरचं म्हणजे तरी कोण, एक थोरली बहीण. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं. शाळेच्या पँटी दरवर्षी उसवून लांब केल्या त्याही तिनेच. आता ती पलीकडच्या गल्लीत एकटी राहायची आणि लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची. रोज दुपारी तिचा मेसेज यायचा, एकेक अक्षर शोधून लिहिलेला, लांबलचक. जेवलास का, पाठ दुखायची थांबली का, आज एका बाईने नवऱ्याचा कोट आणला तर अस्तरात तिचंच हरवलेलं कानातलं सापडलं. मास्तर ते वाचायचं नंतरवर टाकी, आणि ते नंतर काही उजाडत नसे. कॉपी केलेलं जिथे साठतं त्या क्लिपबोर्डवर त्याने एक उत्तर पिन करून ठेवलं होतं: "हो ताई, जेवलो. तूही वेळेवर जेव. दुकानात गर्दी आहे, नंतर बोलतो." एक टिचकी मारली की उत्तर रवाना. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते हेच.

त्या दिवशी तो एका निवृत्त आजोबांना कॉपी-पेस्ट शिकवत होता, तेवढ्यात काउंटरसमोर ताई येऊन उभी राहिली. उजव्या हाताच्या बोटाला हे भलंमोठं बँडेज.

"अगं, हे काय झालं?"

"काल कळवलं होतं की तुला. मशीनची सुई गेली नखातून. टोक आतच मोडलं."

मास्तरने फोन उघडला. कालचा मेसेज तिथेच होता, नेहमीपेक्षा खूपच आखूड. "सुई बोटात गेली. रक्त थांबत नाही. येतोस का?" आणि लगेच खाली त्याचं उत्तर. हो ताई, जेवलो. तूही वेळेवर जेव.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग दवाखान्यात कोण होतं बरोबर?"

"शेजारच्या काकू. बिचाऱ्या हातातलं काम टाकून आल्या."

"ताई, काल खरंच फार गर्दी..."

"असेल रे. दुकान बंद असतं त्या दिवशीसुद्धा असते तुझ्याकडे गर्दी." हे ती अगदी सहज म्हणाली. आजोबांनी मात्र मान खाली घातली आणि ते काळ्या पडलेल्या स्क्रीनमध्ये काहीतरी शोधू लागले.

"मी काही भांडायला नाही आले," ताई म्हणाली. "या बँडेजला फोनची काच दाद देत नाही, आणि डाव्या हाताने लिहायचं म्हणजे एका ओळीला संध्याकाळ होते. तुझं ते एकच वाक्य कसं झटकन जातं ना, तेवढं मला शिकव."

टोमणा असता तर मास्तरने परतवला तरी असता. पण तिला खरंच शिकायचं होतं.

"काय लिहू?" त्याने तिचा फोन हातात घेतला.

"लिही, 'मी बरी आहे. काळजी करू नकोस.' तू विचारलंस तर पाठवायला होईल."

तू विचारलंस तर. लिहिता लिहिता मास्तरचे कान तापले. "दाबून धर, ताई. उचलू नकोस," तो म्हणाला. तिचं डावं बोट दोनदा घसरलं. शेवटी आजोबाच म्हणाले, "आता ते टाचणीचं चिन्ह दाबा, म्हणजे पुसलं जात नाही."

"टाचून ठेवायचं होय? मग सोपं आहे," असं म्हणून ताई हसली आणि निघाली. लोकांचे कपडे अडकले होते.

ती गेल्यावर मास्तरने स्वतःच्या हाताने लिहिलं, "ताई, फार दुखतंय का?" कितीतरी दिवसांनी तो तिला काही लिहीत होता. थोड्या वेळाने उत्तर आलं, "मी बरी आहे. काळजी करू नकोस."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"मी बरी आहे. काळजी करू नकोस."

"वा!" आजोबा डोकावून म्हणाले. "पहिल्याच दिवशी जमलं की! शिष्या हुशार निघाली, मास्तर."

मास्तरला त्यांच्याकडे बघवेना. कालच्या प्रश्नाचं उत्तर त्याने आज लिहिलं, "येतोय." त्यावरही तेच आलं. मग त्याने आजोबांना हात जोडले आणि भरदुपारी शटर ओढलं.

ताईचं दार उघडंच होतं. ती बँडेजचं बोट वर धरून मशीनवर वाकली होती, एका हाताने कुणाची तरी पँट सरकवत.

"अरे, लिहिलं होतं ना बरी आहे म्हणून?" तिने मशीन थांबवली. "जेवलास का?"

"हो ताई, जे..." सवयीने तोंडातून निघून गेलं. जिभेला वळणच तसं पडलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "नाही जेवलो." आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, कारण आत ये असं तिने म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचा धीर त्याला होईना.