आईनंच नाव दिलं

आर्लिस माकी आणि मी एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं मुलांना जेवण वाढतोय. मिनेसोटाच्या पार उत्तरेला आमचं हे खाणीचं गाव. शाळेत जेमतेम तीनशे मुलं, त्यामुळे खिडकीत ताट पुढे करणाऱ्या प्रत्येकाचं नाव आम्हाला पाठ. तिचा मुलगा टेट त्याच शाळेत अकरावीला होता. हॉकीच्या संघातून काढल्यावर तो कोपऱ्यातल्या टेबलावर एकटाच जेवायला लागला. पोरं त्याला काय काय म्हणायची ते मी ऐकत होते. शिक्षकही ऐकत असणार. कुणीच काही बोललो नाही.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी तो रांगेत उभा होता. पुढे कैसा नावाची मुलगी, त्याच्याशी धड बोलणारी एकुलती एक. मी तिच्या ताटात हॉटडिश, आमच्याकडचा मांस-बटाट्याचा भाजलेला पदार्थ, वाढत होते. तो तिला हळू आवाजात म्हणाला, "शुक्रवारी येऊ नकोस. घरीच राहा." ती हसली. मला वाटलं, असेल त्यांचं आपापसातलं काहीतरी.

नंतर भांडी आवरताना मी ते आर्लिसला चेष्टेनं सांगितलं, की तुझं पोरगं पोरींना दांडी मारायला शिकवतंय. तिचे हात थांबले. नक्की काय म्हणाला, शब्द न् शब्द सांग, म्हणाली. मी सांगितलं. मग पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून ती एकेक सांगायला लागली. गेल्या आठवड्यात त्यानं आपले स्केट्स शेजारच्या मुलाला देऊन टाकले होते. त्याआधी दोन महिने नुसती आदळआपट, आणि मग एक दिवस एकदम शांत.

"तो शांत झाला म्हणून मी देवाचे आभार मानले गं," ती म्हणाली.

शाळा सुटायला दोन तास होते. मी तिच्याबरोबर घरी गेले. त्याच्या गादीखाली वही निघाली. तिच्यात जेवणाच्या हॉलचा नकाशा, नऊ जणांची नावं आणि येत्या शुक्रवारची तारीख. तळघरातल्या बंदुकांच्या कपाटाला कुलूप होतं, पण किल्ली जागेवर नव्हती. ती टेटच्या उशीच्या अभ्र्यात सापडली.

आर्लिस रडली नाही. हरणाच्या शिकारीच्या तिन्ही बंदुका तिनं पांघरुणात गुंडाळल्या आणि आम्ही त्या गाडीत ठेवू लागलो. तेवढ्यात तिचा नवरा ड्वेन खाणीवरची पाळी संपवून आला आणि आपली गाडी आडवी लावून उभा राहिला.

कुठे चाललीस म्हणून त्यानं विचारलं. शेरीफकडे, पोलिसांत, म्हणत तिनं वही त्याच्या हातात दिली. त्यानं ती उभ्या उभ्या चाळली.

"पोरं लिहितात असलं काहीबाही. त्या वयात मीही मास्तरला गोळी घालायच्या बाता मारायचो."

"तू बाता मारायचास. ह्यानं तारीख घातलीय."

"अगं, कपाळावर शिक्का बसेल त्याच्या. जन्मभराचा."

"बसू दे. जिवंत कपाळावर बसेल. गाडी बाजूला काढ, ड्वेन."

ती हात बांधून समोर उभी राहिली. शेवटी त्यानं गाडी मागे घेतली.

बंदुका शेरीफच्या ताब्यात देऊन, त्याच्या माणसासोबत आम्ही शाळेत गेलो. मुख्याध्यापक हेगस्ट्रम भला माणूस, पण घाबरट. कुणी सांगितलं ते कागदावर नको, निनावी खबर म्हणू, तुम्हाला ह्याच गावात राहायचंय, असं तो समजावत राहिला. आर्लिसनं त्याच्यापुढचा कागद स्वतःकडे ओढला. "आर्लिस माकी, आई" असं ठळक लिहून तिनं सही केली. टेटला वर्गातून बाहेर आणताना बेड्या घालायच्या नाहीत, आपण त्याच्या शेजारून चालणार, ही तिची अट होती. ती पाळली गेली. गाडीत बसेपर्यंत त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. तिथून त्याला डुलूथ शहरातल्या मनोरुग्णांच्या इस्पितळात नेलं. कोर्ट पुढे वर्षभर चाललं.

गावानं आभार मानले नाहीत. मार्चमध्ये पालकांची सभा भरली, तेव्हा एका बापानं विचारलं की जिला आपलं पोर कळलं नाही, तिच्या हातचं आमच्या पोरांनी का खावं. आर्लिस उठली.

"मला उशिरा कळलं, कबूल," ती म्हणाली. "तुमची पोरं त्याच्या ताटात थुंकायची, ते तुम्हाला अजून कळलेलं नाही. घरी जाऊन विचारा. कपाटांच्या किल्ल्याही मोजा. मी उद्या साडेदहाला खिडकी उघडणार आहे. ज्याला खायचं नसेल, त्यानं डबा आणावा."

दुसऱ्या दिवशी निम्म्या मुलांनी डबे आणले. कैसा मात्र रांगेत पहिली उभी होती. तिनं दोनदा वाढून घेतलं. मीच तेव्हा भांडारात जाऊन रडून घेतलं. माझ्या एका चेष्टेच्या वाक्यावर सगळं लटकलं होतं, आणि मी ते सांगितलंच नसतं तर, हे अजूनही मला झोपू देत नाही.

दर रविवारी आर्लिस गाडी काढून डुलूथला जायची. ड्वेन पाचव्या रविवारपासून सोबत जाऊ लागला. टेट भिंतीकडे तोंड करून बसायचा. मेअखेरीस एकदा तो वळला.

"तू का सांगितलंस?"

"परत वेळ आली तर परत सांगेन," ती म्हणाली.

त्या दिवशी त्यानं तोंड फिरवलं नाही. भेटीची वेळ संपेपर्यंत तो तिच्याशी भांडत होता.