न नेलेला चष्मा

चष्मेवाल्याने सगळ्या गल्लीचे नंबर काढले होते, पण बायकोचा नंबर काढायला त्याला अकरा वर्षांत सवड झाली नव्हती. दुकानात एक खोकं होतं. गिऱ्हाइकांनी करायला सांगितलेले आणि मग नेलेच नाहीत असे चष्मे त्यात पडून असत. बायकोने फारच तगादा लावला की हा त्यातलाच जवळपासच्या नंबराचा एखादा तिच्या नाकावर ठेवायचा. ती बिचारी "चालतंय की" म्हणायची. शेवटच्या चष्म्याला मात्र म्हणाली होती, "अहो, पायऱ्या वर आल्यासारख्या वाटतात."

"होईल सवय," हा पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

आठवड्याने ती जिन्यावरून पडली आणि गेली.

लोक धावले. कुणीतरी म्हणालं, जिना ओला असणार. याने नुसती मान डोलावली. तेवढ्यावर जिना पुसणाऱ्या मावशींवर खापर फुटलं आणि त्यांचं इमारतीतलं काम सुटलं. हा मूग गिळून बसला. शेजारपाजारहून डबे येत होते, ते खात होता.

चार महिन्यांनी एका दुपारी अर्ध्या शटरखालून वाकून मावशी दुकानात आल्या. याने सवयीने खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"दादा, माफी मागायला आलेय. जिना मी कोरडा केला होता, असं सगळ्यांना सांगत होते. पण आता माझं मलाच नक्की आठवत नाही. ताईंचा जीव माझ्यामुळे गेला असेल तर..."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जिना कोरडा होता," तो म्हणाला. "मी त्यावरून अनवाणी धावलो होतो, मला माहितीये. चष्मा दुसऱ्या कुणाचा होता. मीच दिला होता तिला."

मावशींना आधी कळलंच नाही. पुन्हा सांगावं लागलं आणि दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं. मग त्या मटकन खुर्चीत बसल्या. याने पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "ज्यांनी मला घालवलं त्यांना सांगा."

"उद्या सकाळी..."

मावशी उठल्या आणि शटरबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. त्याने शटर ओढलं आणि तो त्यांच्याबरोबर इमारतीकडे निघाला.

पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी दार उघडलं. "अगंबाई, भाऊजी! किती वाळलात. या, आत या, जेवलात का?"

आत जाऊन बसावं, असं त्याला फार वाटलं. चार महिने याच मायेवर तो जगला होता. मागे दोन पायऱ्या खाली मावशी उभ्या होत्या.

"बसत नाही, वहिनी," तो म्हणाला. "आधी ऐकून घ्या. मग मला आत घ्यायचं का, ते तुम्ही ठरवा."